अठ्ठावीस म्हणजे नेमकं किती? रोड बाइकचे टायर बदलताना

पंधरा दिवसांतलं तिसरं पंक्चर कन्नमवार नगरपाशी झालं. रविवार होता, सकाळचे पावणेसहा. मुलुंडहून निघून मरीन ड्राइव्हला शिवायचं आणि परत फिरायचं, सगळं मिळून ७० किलोमीटर, असा आमचा ठरलेला रतीब. मी फुटपाथवर बसून मागचं चाक काढत होतो आणि संदीप डोक्यावर उभा राहून मोबाइलची बॅटरी धरून होता. "अरे, हा टायर बघ तरी एकदा," तो म्हणाला. बघितला. मधला भाग घासून पाटासारखा सपाट झाला होता आणि एका कापातून आतले धागे दिसत होते. सायकलसोबत आलेला टायर, चार वर्षं झालेली. मी साखळीला तेल घालायचो, गिअर पुसायचो, पण टायरकडे हवा भरण्यापलीकडे कधी पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर आधी तिन्ही ट्यूब घमेल्यात बुडवून पाहिल्या. पहिलीला शेजारी शेजारी दोन भोकं होती, साप चावल्यासारखी. ती खड्ड्याची खूण. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर टायर दबतो, ट्यूब रिममध्ये चेमटते आणि दोन्ही बाजूंनी फुटते. दुसरी आणि तिसरी ट्यूब मात्र बरोबर एकाच जागी फुटली होती. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला तर एका ठिकाणी कापूस अडकला. नखाएवढी बारीक पोलादी तार. ट्रक-बसचे टायर झिजून फुटले की त्यातल्या अशा तारा हायवेच्या कडेला पडतात, आणि आपण कडेनेच चालवतो. म्हणजे तिसऱ्या पंक्चरचा दोष टायरचा नव्हता, माझा होता. दुसऱ्या वेळी तार न शोधताच मी नवी ट्यूब घातली होती. तेव्हापासून टायर बसवताना कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणतो. ट्यूबला भोक कुठे आहे ते कळलं, की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते लगेच कळतं.

टायर बदलायचाच होता. मे संपत आला होता, आणि असला गुळगुळीत, धागे दिसणारा टायर घेऊन पावसात उतरणं म्हणजे आ बैल मुझे मार.

संदीपने सुचवलं होतं की या वेळी २५ सोडून २८ घे. मी संध्याकाळी स्टेशनजवळच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. एका कानाला फोन, आणि काकांना म्हणालो, "अठ्ठावीसचा टायर आहे का?" ते म्हणाले, "अठ्ठावीस? आहे की!" त्यांनी माळ्यावरून टायर काढला, मी पैसे दिले आणि फोनवर बोलत बोलतच घरी आलो.

रात्री बसवायला घेतला तर टायर रिमवर असा लोंबला, की थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर. कडेला छापलेलं तेव्हा वाचलं: २८ × १ १/२. म्हणजे दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा टायर. काकांनी मागितलं तेच दिलं होतं. दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेलो तर म्हणाले, "दादा, चाकाला लावलेला माल परत नाही घेत." तेही बरोबरच. टायर गॅलरीत खुंटीला लागला.

मग मात्र हट्टाला पेटून हा आकड्यांचा घोळ समजून घेतला. रोड बाइकच्या टायरवर ७०० × २८ सी असं असतं. त्यातला ७०० हा ढोबळमानाने टायरचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. २८ ही रुंदी. सी हे जुन्या फ्रेंच पद्धतीचं अक्षर. तिथे ए, बी, सी, डी असे प्रकार होते आणि प्रत्येकाची रिम वेगळी. सीची रिम ६२२ मिलिमीटरची, बीची ६३५ची. आणि गंमत म्हणजे आपली २८ × १ १/२ वाली काळी सायकल म्हणजेच ती ७०० बी. १३ मिलिमीटरचा फरक, म्हणून लोंबला. त्या टायरवरचे २८ हे इंच आणि माझ्या टायरवरचे २८ हे मिलिमीटर!

या सगळ्यातून सुटायचा मार्ग टायरच्या कडेवरच छापलेला असतो, फक्त अक्षरं बारीक असतात. २५-६२२, २८-६२२ असा आकडा. पुढचा रुंदीचा, मागचा रिमवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा. मागचा आकडा जुळला पाहिजे, त्यात तडजोड नाही. गंमत अशी की २९ इंची एमटीबीचाही, म्हणजे माउंटन बाइकचाही, मागचा आकडा ६२२च असतो. २६ इंचीचा ५५९. दुकानात आता मी इंच, सातशे वगैरे काही बोलतच नाही. ६२२ म्हणतो आणि कडेवर बोट ठेवून दाखवतो.

रिम जुळली, पण २८ माझ्या सायकलीत मावेल का? हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा असतो हे एकदा पोळल्यावर कळलं होतं. माझ्या सायकलीला डिस्क नाहीत, जुन्या पद्धतीचे कॅलिपर ब्रेक आहेत, टायरच्या वरून येऊन रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे. टायरचा माथा आणि ब्रेकची कमान यांच्यात किती फट आहे ते मोजायचं. पट्टी तिथे शिरत नाही. मी एलन कीचा, म्हणजे षटकोनी किल्ल्यांचा संच घेतला आणि एकेक किल्ली आडवी सरकवून पाहिली. मागे ६ मिलिमीटरची जेमतेम गेली, पुढे ६ची आरामात. टायर २५चा २८ झाला की उंची साधारण तेवढीच, म्हणजे ३ मिलिमीटर वाढते, आणि रुंदी दोन्ही बाजूंना दीड-दीड. म्हणजे मागे ३ मिलिमीटर उरणार. फ्रेमच्या खालच्या नळ्यांपाशी दोन्ही बाजूंना त्याहून जास्त जागा होती.

तरी खात्री वाटेना. संदीपकडे वापरून टाकलेला एक २८ होता, तो आणून चढवला, हवा भरली, व्हर्नियरने मोजला. छापलं होतं २८, भरला २९ला थोडा कमी. रिम आतून रुंद असेल तर टायर असा फुगतो. मागे ३ मिलिमीटरचीही किल्ली आता अडत होती, अडीचची गेली. चाक मोकळं फिरत होतं. अडीच मिलिमीटर म्हणजे कोरड्या रस्त्यावर पुष्कळ, पण मुंबईच्या पावसात चिखल आणि वाळू चिकटली की तिथे खर्रखर्र आवाज येणार हे दिसतच होतं. आणि मडगार्ड बसवणं तर विसराच.

इथे मी दोन दिवस अडलो. २५ घेतला तर ब्रेकखालून अगदी बारीक मडगार्ड जाऊ शकलं असतं, २८ घेतला तर नाही. सायकलवरून आल्यावर शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा जो पट्टा उठतो, तो घासायचं काम आमच्याकडे आईने आपणहून अंगावर घेतलं आहे, आणि ती ते मुकाट्याने करत नाही. शेवटी सीटच्या दांड्याला लटकवायचं प्लॅस्टिकचं मडगार्ड घेतलं आणि २८वर शिक्का मारला. पाठ वाचते, पाय वाचत नाहीत.

एवढा खटाटोप ३ मिलिमीटरसाठी का? मलाही आधी वाटायचं की टायर जितका बारीक आणि हवा जितकी ठासून, तितकी सायकल वेगात. दगडासारखा टक्क लागला पाहिजे, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. गुळगुळीत ट्रॅकवर ते खरंही असेल. पण एलबीएस मार्गावर, मेट्रोच्या कामाशेजारून, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना दगडासारखा टायर नुसता उडतो. तुम्ही पेडलला दिलेला जोर पुढे जाण्याऐवजी तुम्हालाच हादरवण्यात खर्च होतो. रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, म्हणून ती कमी दाबाने ठेवता येते आणि तरी खड्ड्यात रिम आपटत नाही. टूर द फ्रान्समधली मंडळीसुद्धा एके काळी २३वर चालवायची, आता २८ सर्रास दिसतात. त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा बरे असून!

ट्यूबलेसचाही विचार केला. माझ्या रिम ट्यूबलेसच्या नाहीत, विषय संपला.

मग कुठला घ्यायचा? सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि खरं तर इतका जायला नको होता. कॉन्टिनेन्टलचा ग्रां प्री ५००० सगळ्यांच्या तोंडी असतो. वेगवान, पकड चांगली, पण रेसचा टायर. त्याच कंपनीचा गेटरस्किन दुसऱ्या टोकाला: जाड, काटक, कडेलाही जाळीचं संरक्षण. ऑफिसला रोज जाणारे त्याची शपथ घेतात. आमच्या ग्रुपमधले काही जण मात्र ओल्या रस्त्यावर त्याला नाकं मुरडतात. टिकाऊपणासाठी रबर कडक ठेवलं की ओल्यात पकड थोडी कमी होते, हा सर्वसाधारण व्यवहार आहे, कंपनी कुठलीही असो. श्वाल्बे, व्हिटोरिया, मिशेलिन, सगळ्यांकडे ही शिडी असते. वर वेगवान आणि नाजूक, खाली जड आणि चिवट. आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत एवढंच ठरवायचं.

मी वर्षातले चार महिने ओल्या रस्त्यावर असतो, आणि पहाटे एकटा हायवेच्या कडेला बसून ट्यूब बदलायची हौस फिटली होती. म्हणून मधली पायरी निवडली: ग्रां प्री ४-सीझन. रबराखाली व्हेक्ट्रन या चिवट कृत्रिम धाग्याचा दुहेरी थर, कडेला जाळी, आणि रबर पावसाळी थंडीसाठी मऊ ठेवलेलं. जोडीची किंमत पाच आकड्यांच्या अगदी जवळ गेली. घरी मी एका टायरची किंमत 'जोडीची' म्हणून सांगितली.

नक्षीबद्दल संदीपशी माझा वाद झाला. तो म्हणे पावसासाठी खाचा हव्यात, गाडीच्या टायरला असतात तशा. पण गाडीचा टायर रुंद आणि चपटा, त्याच्याखाली पाणी साचून तो तरंगू शकतो, म्हणून खाचांतून पाणी बाहेर काढावं लागतं. सायकलचा टायर अरुंद, गोल, हवा ठासलेली. आपल्या वेगाला तो पाणी चिरूनच जातो. डांबरावर पकड देतं ते रबर, नक्षी नाही. आणि पहिल्या पावसात तेल वर आलेला रस्ता, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, मेट्रोवाल्यांनी टाकलेल्या लोखंडी प्लेटा, यांवर कुठलाच टायर धरत नाही. तिथे सायकल सरळ ठेवायची, ब्रेकला हात लावायचा नाही.

बसवणं हा वेगळाच सोहळा. घडी घालता येते असा टायर, कडेला तार नाही, त्यामुळे नवा असताना रबरबँडसारखा आवळलेला. दोन तास उन्हात वाळत घातला, मग जरा नरमला. ट्यूबला थोडी टाल्कम पावडर. शेवटची वीतभर कड चढेना तेव्हा लोखंडी पट्टीकडे हात गेला होता, पण पट्टीने ट्यूब चिमटून नवीच फोडायची माझी ख्याती आहे. युक्ती अशी की समोरची कड दोन्ही हातांनी दाबत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणायची, व्हॉल्व्हपाशी शेवट करायचा. तेवढी ढील मिळते. अंगठे दोन दिवस दुखले. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो, तो मी मागच्या चाकाला उलटा लावला आणि पुन्हा सगळं काढलं.

हवेचा आकडा मी हळूहळू शोधला. कडेवर छापलेला असतो तो कमाल दाब, तेवढा भरलाच पाहिजे असं नाही. माझं वजन ७८ किलो. मागे ८५ पीएसआयपासून उतरत ७५वर आलो, पुढे ६८. मागच्या चाकावर भार जास्त म्हणून तिथे हवा जास्त, आणि झिजही जास्त. मागचा झिजला की पुढचा मागे टाकायचा आणि नवा पुढे बसवायचा. पुढचं चाक निसटलं तर सावरता येत नाही, म्हणून चांगला टायर नेहमी पुढे. अडचण एकच, हवा भरलेलं चाक आता ब्रेकच्या पॅडमधून निघत नाही. ब्रेकवरची छोटी कळ उघडावी लागते. पहिल्यांदा मी ते विसरून चाक अर्धा मिनिट हिसडत होतो. आणि सायकलच्या मीटरमध्ये चाकाचा घेर २१०५ मिलिमीटर होता, तो २१३६ करायला हवा होता. तो न केल्यामुळे पहिल्या रविवारी मरीन ड्राइव्ह अर्धा किलोमीटर जवळ आलं.

आता पाऊस सरला. आमच्या इस्त्रीवाल्याची काळी सायकल आहे, मागच्या टायरला ठिगळ लावून चालवत होता. गॅलरीतला तो २८ × १ १/२ त्याला देऊन टाकला. परवा विचारलं, कसा आहे? म्हणाला, "मस्त, एकदाही पंक्चर नाही." माझ्या महागड्या जोडीला एक झालं. कांजूरमार्गला, मागच्या चाकात, बारीक तार.