फळी कापलेली खुर्ची

आज विक्रीच्या एका फोटोत डॅनिश फर्निचर डिझायनर कारे क्लिंटची चर्चमधली खुर्ची दिसली. पाठीमागची प्रार्थनापुस्तकाची फळी कापलेली, भोकं पुट्टीनं बुजवलेली. खाली ओळ: 'आता डायनिंग टेबलला शोभेल.' ही ओळ काही केल्या डोक्यातून जाईना.

१९३६ साली कोपनहेगनच्या बेथलेहेम चर्चसाठी घडवलेली ही खुर्ची; पुढे तिथल्याच ग्रुन्टविग चर्चमध्येही तिच्याच रांगा लागल्या. बीचचं लाकूड, विणलेली बैठक, आणि मागच्या माणसाचं पुस्तक ठेवायला पुढच्या खुर्चीच्या पाठीला फळी. ती फळी म्हणजेच तर ही खुर्ची! जाणकार संग्राहक आधी तिच्याकडेच बघतो.

घेणार असाल तर खुर्ची उलटी करा. बीचला कीड लवकर लागते. किडीच्या भोकातून ताजी भुकटी गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे. मग पाठ धरून तिरकी हलवा. करकरली तर सांध्यातला सरस (लाकूड जोडायचा जुन्या पद्धतीचा डिंक) सुटलाय. वरून फेविकॉल ओतू नका, जुन्या सरसावर तो धरत नाही. सांधा उघडून, कोमट पाण्यानं जुना सरस पुसून, वाळवून पुन्हा सरसच लावायचा. बैठकीचं विणकाम चौकटीवरून वळतं तिथेच आधी तुटतं. तिथे बोट फिरवून बघा.

हे सगळं दुरुस्त होतं. कापलेल्या फळीचं काय करायचं? आणि फळी नकोच असेल, तर साधी खुर्ची का घेऊ नये?