खिडकीच्या काचेवरच्या पाली: पावसाळ्यातली नोंद

रंगावरून पाल ओळखायच्या भानगडीत पडू नका. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरात एकच पाल दिवसा चौकटीमागे मातकट करडी असते आणि रात्री ट्यूबलाइटजवळ आली की पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक दिसते. त्यामुळे या पावसाळ्यात सगळा भर बोटं, शेपूट आणि मांड्यांवर ठेवला.

सगळ्यात जास्त उपयोग झाला स्वयंपाकघराच्या खिडकीचा. बाहेर दिवा, त्यावर किडे, आणि काचेवर पोट टेकवून बसलेली पाल. आतून मोबाइलला मॅक्रो लेन्स लावली की खालची बाजू आयती मिळते, पालीला हातही लावावा लागत नाही. हेमिडॅक्टिलस वंशातल्या (वंश म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) घरपालींच्या बोटाखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्या मधोमध दुभंगलेल्या असतात. या पट्ट्यांवर लाखो सूक्ष्म केस, त्यांची टोकं आणखी फाटलेली. चिकटणं होतं ते रेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स आकर्षणामुळे. तिथं ना गोंद, ना हवेची पोकळी. २००० साली टोके गेको या मोठ्या आशियाई पालीच्या एकेका केसाची ताकद मोजली गेली, तेव्हापासून या चर्चेला भक्कम पाया मिळाला. स्लो मोशनमध्ये बघा: पाऊल उचलताना बोट टोकाकडून वर वळतं, म्हणजे पट्टी सोलल्यासारखी सुटते. हे बघताना नाद खुळा होतो! झड लागून काच ओली झाली की मात्र त्याच पाली घसरतात, मग चुन्याच्या भिंतीवर जातात. तिथं नख्यांचीही मदत होते.

आता ओळख. रात्री चुक-चुक-चुक करणारी आमची पाल म्हणजे हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस. (आजी अजूनही तो आवाज आला की बोटानं जमिनीवर टकटक करते.) तिच्या मूळ शेपटीवर टोकदार गाठींची कडी असतात. पण शेपूट एकदा तुटून पुन्हा आलेली असेल तर ही खूण बाद, कारण नवीन शेपूट गुळगुळीत येते आणि आत मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. अशा वेळी नराच्या मांड्या बघाव्यात: फ्रेनेटसमध्ये कातडीतल्या बारीक छिद्रांची रांग एका मांडीवरून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग जाते. पिवळ्या पोटाच्या हेमिडॅक्टिलस फ्लॅविविरिडिसमध्ये दोन्ही मांड्यांवर थोडी थोडी छिद्रं आणि मध्ये मोकळी जागा. पाठीवर खरखरीत गाठींच्या रांगा दिसल्या तर हेमिडॅक्टिलस ब्रूकी गटाचा विचार करा.

मादीचं तर काचेवरून बरंच कळतं. पोटातली दोन अंडी कातडीतून दिसतात, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरे फुगवटे असतात. ते गळू नाही, कॅल्शियमचा साठा आहे. अंड्यांचं कवच टणक असतं, सापाच्या अंड्यासारखं मऊ नाही. मीटरच्या पेटीमागे आता अंड्यांचा ढीग झालाय, कारण अनेक माद्या एकाच फटीत अंडी घालतात. पेटी पुसायची मोहीम मी घरात तूर्त थांबवली आहे.

पन्हाळ्यावर तटाच्या दगडात दिवसा फिरणारी एक छोटी पाल मिळाली. डोळ्याची बाहुली गोल होती, बोटं पट्ट्यांशिवाय बारीक, म्हणजे नेमास्पिस हा पालींचा वेगळा वंश. प्रजातीचं नाव फोटोवरून लावणार नाही, कारण या वंशात खवले मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव मिरवणारी नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस २००९ साली सरीसृप अभ्यासक वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणली. ती जमिनीवर वावरते आणि विशिष्ट उजेडात अंगावर इंद्रधनुषी झाक मारते. दगड उलटून असल्या पाली शोधणाऱ्यांना मात्र माझा विरोध आहे. दगड पुन्हा जसाच्या तसा कुणी ठेवत नाही.

इचलकरंजी किंवा गडहिंग्लजकडे कुणाच्या खिडकीवर पिवळ्या पोटाचा नर बसत असेल तर मांड्यांचा आतून काढलेला फोटो हवाय. फ्लॅश नको, काचेवर परततो. टॉर्च तिरका धरा.