नान्नजच्या माळावर काळवीट पाहताना

नाताळच्या सुट्टीत बहीण पुण्याहून सोलापूरला आली, तेव्हा तिच्या दोन्ही पोरांची एकच मागणी होती: पिंजऱ्यातले नकोत, मोकळे प्राणी दाखव मामा. ताडोबाचं नाव निघालंच. पण हाताशी असलेल्या सुट्टीत ते बसत नव्हतं, आणि माझ्या मनात पहिल्यापासून नान्नजचं अभयारण्य होतं, काळविटांचा गवताळ माळ. बार्शी रस्त्यानं जेमतेम वीसेक किलोमीटर. सोलापुरात जन्म काढलेल्या कित्येकांनी हा माळ फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेला असतो, याचं मला फार वाईट वाटतं.

परवानगीचं काम अवघड नाही. आदल्या दिवशी वन विभागाकडे चौकशी केली, गाडी कुठवर नेता येते ते विचारलं, सोबत माहितगार माणूस मिळेल का ते पाहिलं. नियम आणि शुल्क बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी विचारूनच घ्या. खरी धावपळ घरातली. थंडीत पहाटे पोरांना उठवायचं, आणि वर आईचा धोशा, लेकरं उपाशी जायची नाहीत. शेवटी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याचा डबा बांधून घेतला आणि अंधारातच निघालो. उजाडता उजाडता नान्नज आलं.

पहिल्या नजरेला पोरं हिरमुसली. झाडी नाही, डोंगर नाही, नुसतं वाळलेलं पिवळं गवत आणि मधूनमधून बोरी-बाभळी. सोबत आलेले वनमजूर काका त्यांना म्हणाले, “इथं जनावर झाडाआड दडत नाही बाळा. आपण दिसायच्या आधी त्यानं आपल्याला बघितलेलं असतंय.” मग त्यांनी सगळ्यांना ताकीद दिली. “गाडीतनं खाली उतरू नका. गाडीला ते एवढं भीत नाहीत. माणूस दोन पायांवर उभा राहिला की पळालंच म्हणून समजा.”

त्या सकाळी मी जे शिकलो ते काकांकडून. कळप दिसला की थेट त्याच्यावर गाडी घालायची नाही. तिरकं जायचं, पुढे निघून चाललोय असं वाटू द्यायचं, आणि थांबायचं. माद्यांनी माना वर केल्या, कान आपल्याकडे वळवले, की इंजिन बंद. त्या पुन्हा चरायला लागल्या तरच आणखी थोडं पुढे. किती जवळ जायचं ते जनावर ठरवतं, आपण नाही. फोटोसाठी दामटून पुढे जाणारी माणसं बघितली की मला संताप येतो तो यामुळेच. त्यांना काळवीट दिसतं ते पाठमोरं आणि पळताना.

आम्ही थांबलो, आणि थांबल्याचं सार्थक झालं. कळपात बहुतेक बदामी रंगाच्या माद्या, बिनशिंगाच्या. नर एकच, पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं शुभ्र, डोळ्याभोवती पांढरं कडं. तो नाक आभाळाकडे करून, पीळदार शिंगं पार पाठीवर टेकवून, शेपूट वर वळवून एकेका मादीमागे तोऱ्यात चालत होता. कान खाली पाडलेले. माद्या ढुंकूनही बघत नव्हत्या. मग तो एका ठरावीक जागी गेला, तिथला लेंड्यांचा ढीग हुंगला आणि त्यात स्वतःची भर घातली. ही त्याच्या इलाख्याची खूण, काका म्हणाले. जवळच्या काटकीवर त्यानं डोळ्यापुढची ग्रंथी घासली, तेही दुर्बिणीतून स्पष्ट दिसलं. भाचीनं दुर्बीण सोडलीच नाही, धाकट्याला ती हिसकावून घ्यावी लागली.

एवढ्यात गावाकडून एक कुत्रं आलं. एका मादीनं उडी घेतली, चारही पाय एकदम जमिनीवरून उचललेले, आणि पाठोपाठ सगळा कळप तसाच उधळत गेला. हा वेग ज्याच्यापायी अंगात मुरला असं मानतात, तो चित्ता देशातून नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. आता पाठलागाला राहिले लांडगे, आणि ही गावातली कुत्री. कुत्री पाडसं मारतात, रोग पसरवतात, लांडग्यांशी त्यांचा संकरही होतो. माळालगत राहणाऱ्यांनी आपापली कुत्री बांधून ठेवली तरी फार मोठं काम होईल.

परतीच्या वाटेवर बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेलं खोकड, म्हणजे छोटा कोल्हा, दिसलं. मांजराहून थोडं मोठं, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. बिळाला चांगली तीन-चार तोंडं. आमच्याकडे बघितलं, जांभई दिली आणि पुन्हा डोळे मिटले.

माळढोक पक्ष्याबद्दल पोरांनी विचारलंच, कारण फाटकावर त्याचंच चित्र. हे अभयारण्य १९७९ साली झालं ते त्याच्यासाठी. सुरुवातीला कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात शेतं आणि गावंसुद्धा आली. पुढे ते १,२२२ वर आणलं. पक्षी मात्र सरत गेला. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. गवताळ माळ नांगराखाली गेले. अंगानं जड आणि समोरचं कमी दिसणारा हा पक्षी विजेच्या तारांनाही धडकतो. आता तो इथं दिसला तर ते भाग्यच. मी पोरांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. भाची विचारत राहिली, मग तारा जमिनीखालून का नेत नाहीत? प्रश्न अगदी बरोबर आहे.

कुंपणाबाहेर ज्वारी उभी होती. बांधावरच्या शेतकऱ्यानं तुडवलेली, शेंडे खाल्लेली ताटं दाखवली. “बघायला चांगलं हाय की. पण राखणीला रात्रभर आम्हीच जागतो.” त्याचं बोलणं खोटं नाही. काळवीट टिकायचं तर नुकसानीचे पैसे त्याच्या हातात वेळेवर पडायला हवेत.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत जा, दिवस उजाडताना तिथं असा. दुर्बीण उसनी मिळाली तरी घ्या, भडक कपडे टाळा, पाणी भरपूर ठेवा. पोरांच्या हाती मोबाईल देऊ नका. डबा माळ सोडल्यावरच उघडा, आणि सोबत आलेल्या माणसालाही त्यात बोलवा.