नवतपा आणि मृग सोसणारा डबा: नागपुरातलं जिओकॅशिंग

जिओकॅशिंगबद्दल, म्हणजे लपवलेला डबा जीपीएसने शोधण्याच्या खेळाबद्दल, वाचायला मिळणारा बहुतेक सल्ला थंड देशांतल्या मंडळींचा असतो. तो नागपुरात जसाच्या तसा वापरला की डबा पहिल्या मे महिन्यात तडकतो आणि जूनमध्ये आतल्या वहीचा लगदा होतो. 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा लपवला. तेव्हापासून खेळ तोच आहे. डबा लपवा, अक्षांश-रेखांश कळवा, शोधणारा येऊन वहीत नाव लिहून जाईल. आपल्याकडे अवघड भाग शोधण्याचा नाही, डबा टिकवण्याचा आहे.

सगळ्यात मोठा शत्रू पाऊस वाटतो, पण खरा घात ऊन आणि पाऊस मिळून करतात. मे अखेरीस, नवतपाच्या कडक दिवसांत, उन्हात पडलेल्या डब्यातली हवा साठ अंशांच्या घरात जाते. त्यावर मृगाची पहिली सर आली की डबा झपकन थंड होतो, आतली हवा दहाएक टक्के आकसते आणि झाकणाच्या कडेला साचलेलं पाणी आत ओढलं जातं. म्हणून साध्या बादलीत बुडवून घेतलेली परीक्षा फसवी असते. डबा दुपारी दोन तास गच्चीवर उन्हात ठेवा, आत टिश्यू पेपर ठेवा, आणि तापलेला असतानाच गार पाण्याच्या बादलीत विटेखाली दाबून रात्रभर राहू द्या. सकाळी पेपर कोरडा असेल तरच तो डबा कामाचा.

या परीक्षेत चार क्लिपांचे, सिलिकॉन रबर असलेले जेवणाचे डबे बहुधा पास होतात. त्यांचं दुखणं वेगळं. क्लिपेची बिजागरी पातळ प्लास्टिकची असते आणि उन्हाने ती कडक होऊन तुटते. असा डबा सावलीतच ठेवावा, झाकण खाली करून, म्हणजे रबराभोवती पाणी साचत नाही. छोट्या आकारात प्रीफॉर्मला तोड नाही. प्रीफॉर्म म्हणजे पाण्याची बाटली फुगवण्याआधीची जाड नळी, आट्यांच्या झाकणाची. बाटल्यांचं काम करणाऱ्या कारखान्यात मागितली तर दोन-चार नग सहज मिळतील. चुंबकाच्या बारीक नॅनो डब्या लोखंडी रेलिंगवर छान बसतात, पण आतली ओ-रिंग, म्हणजे रबराचं कडं, सुकली की संपलं. दरवर्षी ती बदला किंवा तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा.

चुंबक चिकटवायला ग्लू गन वापरू नका. उन्हातलं लोखंड साठ अंश ओलांडतं, तिथे तो गोंद मऊ पडतो आणि डबी जमिनीवर येते. एम-सील किंवा दोन ट्यूबवाला एपॉक्सी वापरा, आणि आधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून घ्या. कापडी टेपचा चिकटा उन्हात वितळून बोटांना लागतो, त्यावर धूळ बसते आणि लपवलेली वस्तू उलट उठून दिसते. सुतळी किंवा गोणपाट गुंडाळाल तर वाळवीला आमंत्रण. मॅट रंगाचा पातळ थर बरा, पण पॉलिप्रॉपिलीनवर (जेवणाच्या डब्यांचं प्लास्टिक) प्रायमरशिवाय रंग धरत नाही.

वही छोट्या झिपच्या पिशवीत, सोबत पेन्सिल. बॉलपेनची शाई उन्हाने सुकते, जेलपेनची ओलीने पसरते. वहीऐवजी कागदाची पट्टी छापायची असेल तर लेझर प्रिंटरवर, कारण इंकजेटची अक्षरं एका थेंबात वाहतात. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकून निर्धास्त होणाऱ्यांची गंमत वाटते. ऑगस्टमध्ये डबा दोनदा उघडला की ती पुडी भरून जाते आणि मग नुसतं ओझं उरतं. खाण्याचा पदार्थ, चॉकलेटसुद्धा, डब्यात नको. मुंग्या येतात, आणि सेमिनरी हिल्सची माकडं झाकण उघडायला आपल्यापेक्षा हुशार आहेत.

आता आकडे. फोनमधला नकाशा बहुधा दशांश अंश दाखवतो, जिओकॅशिंगला अंश आणि दशांश मिनिटं लागतात. 21.14580 असेल तर दशांशापुढच्या भागाला 60 ने गुणा: 0.14580 गुणिले 60 म्हणजे 8.748, म्हणून उत्तर 21° 08.748'. हेच कुणी घाईत 21.08748 असं टाकलं तर शोधणारा साडेसहा किलोमीटर दक्षिणेला पोचतो. 8.748 ला आठ मिनिटं चौऱ्याहत्तर सेकंद समजणारेही भेटतात. सेकंद साठच्या वर जात नाहीत एवढं आठवलं तरी पुरे. मिनिटाचा तिसरा दशांश आपल्या अक्षांशावर पावणेदोन मीटरच्या आसपास पडतो, त्यापुढचे आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

नोंद घेताना डब्याजवळ फोन दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा, पन्नास पावलं लांब जाऊन दुसऱ्या दिशेने परत या, असं तीनदा करा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा, कारण उपग्रहांची मांडणी तासागणिक बदलते. सॅटेलाइट चित्रावर पिन टोचून आकडे घेऊ नका, चित्रच काही मीटर सरकलेलं असू शकतं. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली तर कुठलाच फोन भरवशाचा नाही, कारण सिग्नल काँक्रीटवर आपटून येतात. कव्हरमधलं चुंबक होकायंत्राला वेडं करतं तेही काढून ठेवा. शोधणाऱ्यांनी शेवटच्या दहा मीटरवर फोन खिशात टाकून डोळे वापरावेत. अँड्रॉइडवर सी:जिओ हे जिओकॅशिंगचं अ‍ॅप आणि ऑफलाइन नकाशा एवढं पुरेसं आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं मात्र भारतात परवानगीशिवाय बाळगू नयेत, पाहुण्या मंडळींनाही हे आधीच सांगा.

जागा निवडताना दोन डब्यांत 161 मीटर अंतर हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण इथे त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की चौकीदाराला तुमचा डबा कसा दिसेल. लष्करी हिरव्या रंगाची पेटी नकोच. पारदर्शक डबा, बाहेर मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदीत ‘हा खेळाचा डबा आहे, आत फक्त वही आहे’, आणि जागेच्या मालकाची परवानगी. रेल्वे स्टेशन, विधानभवन, दीक्षाभूमीच्या आसपास डबा ठेवायचा विचारही करू नये. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे. सेमिनरी हिल्स, गोरेवाडा इथे वनखात्याला आधी लेखी विचारा. परवानगीशिवाय जमीन खणणं, झाडाला खिळा मारणं नियमातच बसत नाही.

गर्दीच्या ठिकाणी मल्टी-कॅश, म्हणजे टप्प्याटप्प्याने डब्यापर्यंत नेणारा खेळ, हा उत्तम तोडगा. झिरो माइलच्या स्मारकाला डबा न ठेवता प्रश्न ठेवा: तिथल्या बेंचमार्कचं (उंची मोजण्याच्या खुणेच्या दगडाचं) 1907 साल, पुतळ्यातल्या घोड्यांची संख्या, त्यावरून पुढचे आकडे काढायला लावा आणि खरा डबा परवानगी मिळालेल्या शांत जागी. असा प्रश्नाचा टप्पा 161 मीटरच्या हिशेबात येत नाही. रंगवलेल्या पाटीवर काही बेतू नका, पाट्या बदलतात. जाता जाता, तिथल्या दगडाची नोंदलेली उंची 1020.171 फूट, म्हणजे सुमारे 311 मीटर. फोनचं अ‍ॅप अडीचशेच्या आसपास दाखवत असेल तर ते बिघडलेलं नाही. जीपीएस उंची एका गणिती गोलाभापासून मोजतं आणि भारतात समुद्रसपाटी त्याच्या बरीच खाली आहे.

पावसाळ्यानंतर कुसळी आणि खाजकुइलीचे दिवस. पूर्ण बाह्या, बंद बूट, आणि दगडाच्या फटीत हात घालण्याआधी काठी. विंचवालाही नेमकी तीच जागा आवडते.

राहिला शिष्टाचार. डबा सापडला नाही तर डीएनएफ (डिड नॉट फाइंड) लिहा, लाज कसली. सलग तीन डीएनएफ दिसले की मालक उठून बघायला जातो. वही ओली असेल तर ‘ओनर अटेन्शन रिक्वेस्टेड’ नोंदवा. ट्रॅकेबलच्या, म्हणजे डब्यातून डब्यात फिरणाऱ्या वस्तूच्या, बिल्ल्यावरचा कोड फोटोत येऊ देऊ नका, तो हातात वस्तू असलेल्यालाच कळायला हवा. आणि सापडला नाही म्हणून स्वतःचा डबा टाकून ‘सापडला’ लिहिणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. जुना डबा बहुतेक वेळा तिथेच असतो, मग एका जागी दोन वह्या होतात आणि पुढच्या माणसाने कुठल्या वहीत नाव लिहायचं यावर वाद रंगतो. मालकाने सांगितलं तरच बदली डबा ठेवा.