माकड मेलेलं दिसलं तर आधी फोन करा

काजूच्या हंगामात मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या बागांमधून पांढरं फ्लॅनेलचं कापड ओढत फिरतो. पातेऱ्यावरून, म्हणजे गळून पडलेल्या पानांवरून, ते सावकाश ओढलं की गोचिडी त्याला चिकटतात. चिमट्याने उचलायच्या, कुपीत भरायच्या, कुपीवर बाग आणि तारीख लिहायची आणि तपासणीला पाठवायच्या. या दिवसांत मिळतात त्या बहुतेक अर्धवट वाढलेल्या, खसखशीच्या दाण्याएवढ्या. माणसाला माकडताप होतो तो मुख्यतः ह्यांच्याच चाव्याने, आणि चावल्याचं कळतही नाही.

माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. तिथेही माणसं तापाने पडत होती तेव्हा रानात माकडं मरत होती. मग हा ताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीतल्या पाली गावात आला, २०१६ मध्ये आमच्या तालुक्यातल्या केर गावात. घाटाच्या या बाजूला तो आता नवा राहिलेला नाही.

पण कापड ओढून मी किती बागा धुंडाळणार? खरी खबर वाडीतली माणसंच देऊ शकतात. "माकड मेला तर काय झाला? वर्साक धा मरतत," असं एका आजोबांनी मला सांगितलं. आजोबा, होतं असं की या तापाने मेलेल्या माकडाचं अंग गार पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. दुसऱ्या दिवशी तिथेच कोणीतरी काजूचे बोंडू वेचायला बसतं. म्हणून माकड मेलं त्या जागेपासून पन्नास मीटरपर्यंत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारावी लागते, तीही लवकर.

वानर मेलं की लोक मारुतीचं म्हणून हळद-कुंकू वाहतात, खड्डा काढून पुरतात. ती माया मला मनापासून पटते. फक्त हात लावू नका. पशुवैद्यकीय खात्याची माणसं पूर्ण अंग झाकून नमुने घेतात, त्याला कारण आहे.

बागेत जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातलं डेपा तेल (गोचिडी दूर ठेवणारं) चोळा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं, कधी नाका-हिरड्यांतून रक्त, असं झालं तर डॉक्टरांना "मी रानात होतो" हे आधी सांगा. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर नेमकं औषध नाही, लक्षणं बघूनच उपचार होतात, त्यामुळे एक दिवसही घरी काढू नका.

आणि आम्हाला फोन करताना नुसतं गाव सांगू नका. कोणाची बाग, कुठल्या वहाळाच्या (ओढ्याच्या) वर, माकड की काळतोंड्या वानर, एक की जास्त, हे सांगितलंत तर आम्ही सकाळची वाट न बघता निघू शकतो.