तुम्ही विचारलंत म्हणून : जपानला पहिल्यांदा जाताना

"व्हेज मिळतं ना गं तिथे?"

येन उतरल्यापासून ओळखीतलं निम्मं पुणं जपानला निघालंय, आणि त्यातल्या बहुतेकांचा फोन याच वाक्याने सुरू होतो. मी दुभाषी आहे. चाकणच्या कारखान्यांत जपानी साहेब आणि आपले इंजिनिअर यांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करायचं, हेच माझं काम. त्यानिमित्ताने तिकडे जाणं-येणं असतं. त्यामुळे नातेवाईक, सोसायटीतले आणि नातेवाइकांच्या सोसायटीतले असे सगळेच मला विचारतात. दर वेळी फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून आता लिहूनच काढते.

मिळतं. पण ऐनवेळी मिळत नाही. जेवणाचं हे उत्तर सामानालाही लागू आहे, औषधांनाही आणि गाडीतल्या जागेलाही. आपल्याला सवय असते ती तिथे पोचल्यावर बघू म्हणायची आणि समोरच्या माणसाला गळ घालायची. जपानी माणूस आधी सांगितलंत तर तुमच्यासाठी जीव टाकेल, पण उभ्या-उभ्या मागितलंत तर त्याचा नाइलाज होतो.

क्योतोमधली गोष्ट सांगते. आत्या, काका, त्यांची मुलगी, जावई, नातू आणि मी, असे सहा जण होतो. दुपारचा दीड वाजलेला. एक छोटंसं सोबाचं दुकान दिसलं. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. आत्या म्हणाली, "हे चालेल, फक्त मासे घालू नका म्हणून सांग." मी मालकांना विचारलं, दाशीशिवाय, म्हणजे माशाच्या अर्काशिवाय, काही करून देता येईल का? त्यांनी मान एका बाजूला कलती केली, दातांतून 'स्स्' करून श्वास आत ओढला आणि म्हणाले, "चोत्तो…"

बस. वाक्य तिथेच संपलं.

"काय म्हणाले?" आत्याने विचारलं.

"नाही म्हणाले."

"कधी म्हणाले?"

'चोत्तो' म्हणजे 'जरासं'. जरासं काय, ते पुढे बोलायचंच नसतं. जपानीत 'नाही' म्हणायची ही नेहमीची रीत आहे. 'मुझुकाशिइ', म्हणजे 'अवघड आहे', असं म्हणाले तरी तोही नकारच. उलट 'हाय' म्हणजे दर वेळी 'हो' नव्हे. बऱ्याचदा त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच असतो. चाकणला या एका शब्दापायी किती मीटिंगा पुन्हा घ्याव्या लागल्यात ते मला विचारा. पण ते असो.

आत्याला काही पटेना. "अगं, नुसत्या पाण्यात उकडून द्या म्हणावं, वर मीठ घालून खाऊ." मी ते विचारलंच नाही. दाशी सकाळीच करून ठेवलेली असते, आणि तिच्याशिवाय सोबा म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट पदार्थ. तसलं काही गिऱ्हाइकापुढे ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

ही दाशी समजून घ्या, म्हणजे अर्धं काम झालं. बोनिटो मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात. मग रंधा मारल्यासारखे त्याचे पातळ पापुद्रे काढतात आणि गरम पाण्यात घालून त्याचा अर्क उतरवतात. सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोच्या सूपमध्ये तो, शेवयांच्या रश्शात तो, शिजवलेल्या भाज्यांतही बहुधा तोच. दिसत काहीच नाही. त्यामुळे 'व्हेजिटेरियन' म्हटलंत की ते मनापासून भाजीचा पदार्थ आणून देतात, आणि त्यात दाशी असते. यात फसवणूक नाही. आपणही आमटीत काय काय घातलं ते सांगताना हिंग मोजत नाही, तसंच ते.

म्हणून हे वाक्य पाठ करा : "निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देसु." मांस आणि मासे खात नाही, दाशीसुद्धा चालत नाही. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या नंतर, आणि नकार थेट क्रियापदाच्या शेपटीला, 'खात नाही'सारखाच. अंडं चालत नसेल तर त्याला 'तामागो' म्हणतात. हेच जपानी लिपीत छापून घेऊन खिशात ठेवलंत तर आणखी उत्तम. पण हे वाक्य सकाळी हॉटेल बुक करताना किंवा आदल्या दिवशी फोनवर सांगायचं आहे, दुपारी दीड वाजता दुकानाच्या दारात नव्हे.

त्या दिवशी आम्ही शेवटी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत गेलो. कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं : सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट. तिथे ओनिगिरी मिळते, भाताचा त्रिकोणी गोळा. त्यातली उमेबोशीची घ्या. आत आंबट-खारट मुरवलेलं फळ असतं, आपल्या लोणच्याच्या जातकुळीचं. वेष्टणावर १, २, ३ असे आकडे असतात. १ ची पट्टी वरून खाली पूर्ण फाडायची, मग २ आणि ३ चे कोपरे दोन्ही बाजूंना ओढायचे. समुद्री शेवाळाचा कागद आतल्या प्लॅस्टिकमधून सरकून भाताला जाऊन चिकटतो, कुरकुरीतच राहतो. काकांनी आकडे न बघता मधूनच फाडलं आणि कागद प्लॅस्टिकसकट हातात आला. नातवाने मग सगळ्यांची उघडून दिली. उमेबोशीच्या ओनिगिरीतही कधीकधी माशाचा अर्क घालतात, तेव्हा फोनचा कॅमेरा लावून घटकांचं भाषांतर बघून घ्या. गोडात 'आंको' म्हणजे लाल चवळीसारख्या कडधान्याचं पुरण. तांदळाच्या मऊ पारीत ते भरलेलं 'दाइफुकु' खाल्लं तेव्हा आत्या पहिल्यांदा हसली. "वेलदोडा विसरलेत," म्हणाली.

तोक्योत फारशी अडचण येत नाही. तोक्यो स्टेशनातच टीज तानतानमध्ये पूर्ण शाकाहारी रामेन, म्हणजे रश्शातल्या शेवया, मिळतं. निशी-कासाई भागात भारतीय हॉटेलं आणि वाणसामानाची दुकानं आहेत. आपली इतकी माणसं तिथे राहतात की २०१९ मध्ये त्याच एदोगावा वॉर्डात योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले.

पण खरं शाकाहारी जेवायचं असेल तर देवळात जा. 'शोजिन र्‍योरी' म्हणजे बौद्ध भिक्षूंचा आहार. त्यात मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही, आणि दाशी समुद्री शेवाळ आणि अळंब्यांची. चातुर्मास पाळणाऱ्या माणसाची याहून चांगली सोय परदेशात मला तरी माहीत नाही. क्योतोत आराशियामाला तेनर्‍यूजी देवळाच्या आवारात शिगेत्सु नावाचं भोजनगृह आहे, तिथे आधी जागा राखून ठेवा. आणि हातात एक रात्र असेल तर ओसाकाहून कोयासानला जा. हा डोंगर म्हणजे बौद्धांच्या शिंगोन पंथाचं बाराशे वर्षांचं ठाणं आहे. पन्नासेक देवळांत मुक्कामाची सोय आहे आणि जेवण हेच. काही देवळांत सकाळी 'गोमा' करतात. गोमा म्हणजे आपला होम, शब्द आणि विधी दोन्ही इथूनच चीनमार्गे तिकडे गेले. अग्नीत समिधा पडायला लागल्या तशी आत्या पुढे सरकून बसली आणि आपसूक तिचे हात जोडले गेले.

आता सामान. शिनकानसेन म्हणजे तिकडची बुलेट ट्रेन वाटेतल्या स्टेशनावर मिनिट-दोन मिनिटंच थांबते. त्यात सहा माणसं आणि नऊ बॅगा! आमच्या जावईबापूंनी पहिल्या दिवशी मुंबई लोकलची पद्धत वापरली, आधी उडी आणि मग बॅगा आत खेचायच्या. रांगेतली माणसं काही बोलली नाहीत, पण त्या न बोलण्यानेच मला घाम फुटला. तोक्यो-ओसाका मार्गावर लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाणारी बॅग असेल तर तिच्यासाठी जागा असलेलं आसन आधीच राखून घ्यावं लागतं. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. न राखता चढलात तर १,००० येन भरावे लागतात. त्याहून सोपं म्हणजे बॅगा 'ताक्युबिन'ने पुढे पाठवून द्या. हॉटेलच्या काउंटरवर किंवा कोंबिनीत बॅग द्यायची, फॉर्म भरायचा, आणि ती बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात तुमची वाट बघत असते. म्हणजे एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत हवेत, आणि हे आदल्या दिवशी ठरवायला हवं.

'रेल्वे पास घ्यायचा का?' हाही नेहमीचा प्रश्न. पूर्वी डोळे मिटून हो म्हणायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० वर गेला. तोक्यो-क्योतोचं एका बाजूचं तिकीट चौदा हजारांच्या आसपास आहे. तेव्हा नुसतं जाऊन-येऊन करणाऱ्याला पास परवडत नाही, हिरोशिमापर्यंत आणि पुढे भटकायचं असेल तरच हिशेब मांडून बघा. तोक्योहून निघताना 'ई' ओळीतली खिडकी मागा, त्या बाजूला फुजी दिसतो. हिवाळ्यात दिसायची शक्यता जास्त, पावसाळ्यात दिसला तर तुमचं नशीब. शहरातल्या शहरात फिरायला सुइका किंवा इकोकाचं कार्ड घ्या. बस, मेट्रो, कोंबिनी सगळीकडे टेकवलं की झालं. थोडी रोकड मात्र जवळ ठेवा. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये आपली कार्डं चालतात. आणि कचऱ्यासाठी एक पिशवी बाळगा. १९९५ मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून सार्वजनिक जागांतल्या कचरापेट्या बऱ्याच कमी झाल्या. चॉकलेटचा कागद रात्री हॉटेलात येईपर्यंत खिशातच राहतो.

औषधांबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. आपण औषधांचा डबाच घेऊन निघणारी माणसं. तिकडे डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याची आणि साधी औषधं दोन महिन्यांची नेता येतात. जास्त न्यायची असतील तर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी तर चालतच नाही. कोडीनच्या औषधांवरही बंधनं आहेत. घरातल्या प्रत्येक पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा आणि चिठ्ठी सोबत ठेवा. ताजी फळंही तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, त्यामुळे भाच्यासाठी हापूसची पेटी नेऊ नका. ताजा कढीपत्ताही नको.

कधी जायचं? आपली मुलांची सुट्टी मे महिन्यात, आणि एप्रिलची अखेर ते मेचा पहिला आठवडा हा त्यांच्या सुट्ट्यांचा 'गोल्डन वीक'. सगळा जपान तेव्हा घराबाहेर पडलेला असतो. हॉटेलं महाग, गाड्या भरलेल्या. मे महिन्यातच जायचं असेल तर दहा तारखेनंतर निघा. चेरीचा बहर तोक्योत मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो, म्हणजे नेमका आपल्या परीक्षांच्या दिवसांत. माझं मत विचाराल तर दिवाळी उरकून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जा. क्योतोतले मेपल तेव्हा लाल झालेले असतात आणि चालताना घाम येत नाही. दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होतात. बूट पटकन निघणारे हवेत, कारण देवळात, घरात, काही हॉटेलांतही ते काढावे लागतात. मोजे फाटके नसावेत, एवढं बघा.

हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न संडासाचा. निर्धास्त राहा. पाण्याची सोय आपल्यापेक्षा सरस आहे, आसनही गरम असतं. फक्त भिंतीवरची सगळी बटणं दाबून बघू नका. त्यातलं एक मदतीला बोलावण्याचं असतं. काकांनी ते फ्लश समजून दाबलं आणि बाहेर आले तर हॉटेलच्या दोन मुली दाराशी काळजीने उभ्या. काकांना वाटलं, टॉवेल द्यायला आल्यात. "अरिगातो" म्हणून निघून आले.

विजेचा दाब तिथे १०० व्होल्टचा आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं. फोनचे चार्जर चालतात, पण इथली किटली किंवा राइस कुकर नेऊन उपयोग नाही, पाणी तापता तापत नाही. किटली हॉटेलात असतेच. बऱ्याच साध्या हॉटेलांत खाली सगळ्यांसाठी मायक्रोवेव्हही असतो. कोंबिनीतून पाकीटबंद भात आणायचा आणि गरम करायचा. तो आपल्या इंद्रायणीसारखाच मऊ, चिकट होतो. आणि त्यावर घालायला मेतकूट न्यायचं. अर्धा किलो तरी न्या. आत्याने पाव किलो नेलं होतं, ते कोयासानलाच संपलं, कारण जेवण वाढणाऱ्या तिथल्या तरुण भिक्षूने हे काय आहे म्हणून विचारलं आणि आत्याने उरलेली अख्खी पुडी त्याच्या हातात ठेवली.