काळा काठ

इंदूरहून श्रीलंकेला येणाऱ्या आमच्या मराठी मंडळींना सीतामाईचं देऊळ बघायचं असतं. पाखरांसाठी मी त्यांच्याकडून एकच सकाळ मागून घेतो, नुवारा एलियातल्या व्हिक्टोरिया पार्कमधली. दरवेळी चार-पाच जण येतात, बाकीचे रजईत. जानेवारीत तिथे इंदूरपेक्षा गारठा वाटतो. गाव 1,868 मीटर उंचीवर आहे आणि धुकं अंगाला चिकटतं.

यंदा आलेल्या पाच जणांत राजेंद्रनगरच्या एक काकू होत्या. वय 71. राजवाड्याजवळच्या साड्यांच्या दुकानात त्यांनी 38 वर्षं काढलेली. दुर्बीण आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली होती. "आधी डोळ्यांनी बघा, मग नजर न हलवता दुर्बीण वर घ्या," एवढंच मी त्यांना सांगितलं.

या बागेला 1897 मध्ये, राणीच्या राजवटीच्या हीरक महोत्सवाच्या वर्षी, तिचं नाव मिळालं. फुलांचे ताटवे देखणे आहेत, पण पाखरं बघायची तर मागच्या ओढ्याशी जावं लागतं. तिथे ओली माती, कुजलेला पाला, क्वचित अडकलेल्या पिशव्या. किडे भरपूर, म्हणून हिमालयातून आलेले पाहुणे तिथेच रमतात. मी तीन हिवाळे त्या ओढ्याशी काश्मिरी माशीमारासाठी उभा राहिलो होतो. एकदाही दिसला नव्हता.

साडेसातच्या सुमारास खालच्या फांदीवर काहीतरी हललं. छोटा पक्षी, शेपटी झटकन वर, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पांढरं. गळा तांबूस. मी लगेच सांगून टाकलं, "लाल गळ्याचा माशीमार. आपल्या इंदूरच्या रेसिडेन्सी भागात हिवाळाभर असतो." आणि दुर्बीण खाली घेतली.

काकूंनी घेतली नाही. "अरे, पण ह्याला काठ आहे."

"कुठे?"

"छातीला. काळा. दोन्ही बाजूंनी. आपल्याकडच्याला असतो का?"

नसतो. माझ्या पोटात गोळाच आला. पुन्हा दुर्बीण लावली. आता फांदीच्या आडोशातून पक्षी पूर्ण बाहेर आला होता. पाठ राखाडी. तांबूस रंग गळ्यापाशी थांबत नव्हता, छातीवरून खाली कुशीपर्यंत उतरत होता. आणि गळ्याच्या कडेपासून छातीपर्यंत, रंग संपतो तिथे, बारीक काळी रेघ. महेश्वरीला असतो तसा काठ, आत भरलेला रंग बाहेर सांडू न देणारा.

नर काश्मिरी माशीमार. तोच.

याची घरटी काश्मीर खोऱ्यातल्या आणि आसपासच्या डोंगरांतल्या जंगलांत, झाडाच्या ढोलीत असतात. हिवाळा काढायला तो श्रीलंकेच्या या डोंगरांवर येतो, थोडे नीलगिरीतही थांबतात. मार्चअखेर परत. लांबी शेपटीसकट तेरा सेंटिमीटर, म्हणजे वितीतही भरणार नाही. तिकडे जंगलतोड झाली, इकडे डोंगरच्या डोंगर चहाखाली गेले. त्याच्या दोन्ही घरांना कात्री लागली आहे, म्हणून मला या पाखराची फार काळजी वाटते.

हे सगळं मी काकूंना कुजबुजत सांगत होतो. त्यांनी एकच विचारलं, "वाटेत इंदूर लागतं का रे त्याला?" नकाशावर काश्मीर आणि लंका यांच्या मधोमध आपण आहोतच, म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बघू लागल्या.

पक्ष्याने खाली झेप घेतली, ओल्या पाल्यातून काहीतरी टिपलं आणि त्याच फांदीवर परत आला. असं सात-आठ वेळा. आम्ही कुणी बोललो नाही. नाश्ता चुकला.

वर्षानुवर्षं मी लाल रंग शोधत होतो. माहितीतलं नाव जिभेवर आलं की डोळे बघायचे थांबतात. मला हे त्या सकाळी कळलं आणि ते मनाला लागलं. काकूंना एकही नाव माहीत नव्हतं. गिऱ्हाइकापुढे साडी उलगडताना आधी काठ दाखवायचा, ही त्यांची सवय. बसमध्ये बाकीच्यांनी "काय दिसलं?" म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी पदर गुडघ्यावर पसरला आणि बोटाने काठाच्या कडेचा एक धागा दाखवला. "एवढासा. पण स्पष्ट."

फेब्रुवारीत इंदूरला परतल्यावर एका सकाळी त्यांना रेसिडेन्सीत घेऊन गेलो. कडुलिंबावर लाल गळ्याचा माशीमार शेपटी उडवत बसला होता. काकूंनी दुर्बीण लावली.

"बिनकाठाचा," म्हणाल्या, आणि तो उडून जाईपर्यंत बघत राहिल्या.